शनिवारी पाहुने हायत ना?

माणसांना राहायला बोलवायचा धंदा सुरू केलात, की एक गोष्ट फुकट मिळते. किस्से! बाकी काही मिळेलच याची गॅरंटी मी देणार नाही. आम्ही तिघं भेटलो की एकातून एक निघत जातात. रॉनी नकला करून सांगतो, मुग्धा पोट धरून हसते आणि मी मध्येच विचारतो, "ते सगळं ठीक आहे, पण येत्या शनिवारचं काय?"

मग रॉनी म्हणतो, "झालं! घातलं पाणी!"

माझी बायको वैशाली मला काळजीचा कारखाना म्हणते. तीन शिफ्टमध्ये चालणारा. पण काळजी का होती ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही थोडी लागेल.

आधी माणसं कळू देत. मी हेमंत, राहणार निर्मळ. घरची केळीची वाडी. नोकरीतून लवकर मोकळा झालो. रॉनी भुईगावचा, त्याचा टेम्पो आहे आणि तोंड टेम्पोपेक्षा जोरात चालतं. मुग्धा नालासोपाऱ्यात फ्लॅटमध्ये राहते, अंधेरीला कंपनीत आहे. बुकिंग, फोटो, इन्स्टा सगळं तिच्याकडे. आमची ओळख ट्रेकची. हायवे ओलांडून, तुंगारेश्वरच्या डोंगराआडच्या खोऱ्यात मोहपाडा नावाची थोडीशी घरं आहेत. एका पावसाळ्यात आम्ही तिथे अडकलो. पाड्यावरच्या जानीबाईनं आम्हाला ओटीवर घेतलं, कोरा चहा दिला, चुलीपाशी मोजे वाळत घालायला जागा दिली. तेव्हापासून येणं-जाणं सुरू झालं.

त्या पाड्यावर दरवर्षी एक ट्रक येतो. भात झोडून झालं, दिवाळी झाली, की वीटभट्टीचा ट्रक. त्यात भांडी, कोंबड्या, पोरं, म्हातारी असं सगळं चढतं, आणि घरांना कुलपं लागतात ती थेट पावसाच्या तोंडाला उघडतात. जानीबाईची सोमी हुशार मुलगी. पण तिचं शाळेचं एकही वर्ष पुरं झालेलं नाही.

जानीबाई एकदा सहज म्हणाली, "इथं बारा महिने काम असतं तर कोन गेलं असतं भट्टीवर?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मी, हो मीच, म्हणालो, "आपण पाहुणे आणू. बारा महिने!"

बोलायला काय जातं! जानीबाईचा नवरा लखमा, त्यानं कुडाच्या दोन खोल्या उभ्या केल्या. आम्ही नियम केले. एका वेळी आठच माणसं, स्पीकर नाही, प्लास्टिक नाही, आणलेला कचरा परत न्यायचा. पावसाळ्यात काही प्रश्न नव्हता. धबधब्यापायी सगळं विरार-नालासोपारा डोंगरात असतं, उलट गर्दी आवरावी लागते. खरी परीक्षा दसऱ्यानंतरची. दिवाळी संपेपर्यंत पाहुणे येत राहिले, तरच जानीबाईचं घर उघडं राहणार होतं.

तिलाही ते कळत होतं. म्हणून आम्ही पाड्यावर पोचलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "शनिवारी पाहुने हायत ना?"

*

ऑक्टोबर उलटत आला होता. मला एक फोन आला, विरारहून.

"सर, धबधब्याच्या इथे तुमचंच आहे ना? आम्ही सात जण आहोत."

मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. "हो हो, या ना!"

"धबधबा चालू आहे ना पण?"

"नाही, पाऊस गेला ना आता. पण भातकापणी चालू आहे, हवा मस्त आहे, संध्याकाळी..."

"मग चालू कधी करणार?"

मी म्हटलं, "जूनमध्ये."

"एवढा मोठा मेंटेनन्स?"

रॉनी शेजारीच बसला होता. त्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. "साहेब, मोटर जळलीय!"

पलीकडचा माणूस भडकला. "मग तसा खाली हायवेवर बोर्ड लावा ना! लोक सुट्टी टाकून येतात!"

रॉनी दोन दिवस हसत होता. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. डोंगर म्हणजे धबधबा, एवढंच लोकांच्या डोक्यात असेल तर पुढचे आठ महिने आम्ही काय दाखवणार?

*

आता बावखळाचा किस्सा. हा सांगताना रॉनी उभा राहतो, कारण त्याला हातवारे करायला जागा लागते.

बावखळ म्हणजे आमच्याकडे वाडीत असतं ते गोड्या पाण्याचं तळं. निर्मळच्या माणसाला कुठेही जमीन दाखवा, तो आधी बावखळ कुठे खणायचं ते बघणार! मीही बघितलं. लखमाच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात मला जागा दिसली. पावसाआधी जेसीबी नेला आणि खणलं. लखमा खूश, पोरं खूश. जानीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. काही बोलली नाही.

पावसात ते काठोकाठ भरलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! मागे हिरवा डोंगर, पुढे पाणी, त्यात ढग. मुग्धानं फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'प्रायव्हेट लेक'. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग धडाधड आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा आठवडाभर निर्धास्त होतो.

दसऱ्याला बघतो तर पाणी गुडघाभर खाली. पुढच्या आठवड्यात कमरेइतकं खाली. मी काठी रोवून खुणा करत बसलो. लखमा म्हणाला, "भाऊ, काठीनं पानी थांबत नाय." खालचा मुरूम आणि कातळाच्या भेगा सगळं पाणी पिऊन गेल्या.

मी जानीबाईला विचारलं, "तुला माहीत नव्हतं इथे पाणी राहत नाही ते?"

"म्हाईत होतं ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बागवाला. तुमच्यात तळी असतात. मला वाटलं तू खाली कायतरी घालशील!"

आणि मला वाटलं होतं, ही डोंगरातली बाई, चुकत असतं तर टोकलं असतं! असे दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहिलो आणि मध्ये एक भलामोठा खड्डा झाला.

दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे उतरले. सोबत पोरांच्या रबरी ट्यूब, पोहायचे चष्मे. त्यांच्यातला एक जण खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, "लेक कुठे आहे?"

मी माझ्या काठीच्या खुणांकडे बघायला लागलो. पण रॉनी समुद्रकाठचा माणूस, तो शांतपणे म्हणाला, "हाच. सध्या ओहोटी आहे!"

तो माणूस आधी बघतच राहिला. मग हसायला लागला, मग त्याची बायको हसली, आणि ते राहिले. दोन रात्री राहिले! जाताना खड्ड्यातल्या ओल्या चिखलात जानीबाईनं टाकलेले वाल उगवलेले बघून गेले. बावखळाचं काय झालं असं कुणी विचारलं की आता आम्ही म्हणतो, वाल छान आलेत.

*

पाड्यावर सगळ्यांना 'तू' म्हणतात. देवाला तू, तलाठ्याला तू, मला तर तूच. त्यात अपमान नसतो आणि लाडही नसतो. पण हे पाहुण्यांना आधी सांगायला हवं होतं, ते आम्ही विसरलो.

बोरिवलीहून एक मोठे साहेब आले. हाताखाली बरीच माणसं असणार, कारण गाडीतून उतरल्यावर बॅग कोण घेतंय याची वाट बघत उभे राहिले. जानीबाई ओटीवरून ओरडली, "आलास? ये. बॅग घे आन् ये. पानी पी."

साहेबांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. त्यांच्या मिसेस मात्र गाडीला टेकून हसत सुटल्या. "यांना तू म्हणणारी शेवटची बाई म्हणजे माझ्या सासूबाई!"

मी मनात म्हटलं, संपलं. हे आता फिरून जाणार.

जेवण झालं. "जेवलास का पोटभर?" जानीबाईनं विचारलं. साहेब हात धुवायला उठले तर जानीबाई म्हणाली, "ताट घेऊन जा. तुझं तू धू. पानी लांबून आनलंय, जपून वापर."

साहेबांनी राख लावून ताट घासलं. मग बायकोचं घासलं. मग माझंही ओढून घेतलं! मी नको नको म्हणतोय आणि साहेब रंगात आलेले.

निघताना मी घाबरत घाबरत विचारलं, "सर, जेवण आवडलं ना?"

"जेवण ठीक आहे हो," ते म्हणाले, "पण मला किती वर्षांत कुणी 'जेवलास का' असं विचारलं नव्हतं! पुढच्या महिन्यात परत येतो."

अजून आलेले नाहीत. मी वाट बघतोय.

*

मुग्धा एकदा नालासोपाऱ्याहून फोनवर अक्षरशः किंचाळली. "दादा, आपल्याला पहिला खराब रिव्ह्यू आला!"

रिव्ह्यू असा होता: 'जागा सुंदर. माणसं चांगली. पण पहाटे कोंबडा फार ओरडतो. बंद करण्याची सोय नाही.'

माझा काळजीचा कारखाना लगेच सुरू. एक वाईट रिव्ह्यू म्हणजे किती माणसं परत फिरली कोण जाणे! रविवारी पाड्यावर मीटिंग घेतली. मुग्धा म्हणाली, प्रत्येक उशीखाली कापसाचे बोळे ठेवू. रॉनी म्हणाला, कोंबडा शुक्रवारी टेम्पोतून भुईगावला नेतो आणि सोमवारी परत आणून सोडतो, त्यालाही चेंज. मी म्हटलं, बुकिंगच्या वेळीच लिहून घेऊ की कोंबडा आहे. लखमा ऐकत होता. जानीबाई चुलीपाशी ऐकत होती.

पुढच्या शनिवारी पाहुण्यांना रस्सा मिळाला. लोकांनी बोटं चाटली. रिव्ह्यूही झकास आला. मुग्धानं पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवला: 'गावठी कोंबड्याचा रस्सा अप्रतिम! असा रस्सा शहरात मिळणार नाही.' आम्ही टाळ्या वाजवल्या.

मुग्धानं पुढे वाचलं, "'फक्त पहाटे कोंबडा आरवला असता तर गावाचा फील आला असता.'"

जानीबाईनं माझ्याकडे बघितलं.

"आता काय करू? परत जित्ता करू?"

*

कुलपाची गोष्ट रॉनीला मजेशीर वाटते. मला आजही वाटत नाही.

नालासोपाऱ्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या ताई म्हणाल्या, "रूमला लॉक नाही?" पाड्यावर दाराला कोयंडा असतो, त्यात काठी अडकवतात, झालं. कुत्रं आत येऊ नये एवढाच उद्देश. पण ताईंना लॉक हवंच होतं. जानीबाई आत गेली, माळ्यावर चढली आणि वीतभर किल्लीचं, मुठीएवढं जुनं कुलूप घेऊन आली.

"वॉव, अँटिक!" ताईंनी त्याचा फोटो काढला. मुलानं किल्लीचा काढला.

मी लखमाला विचारलं, "हे एवढं मोठं कुलूप कशासाठी रे?"

"भट्टीवर जाताना लावायचं," तो म्हणाला. "दुसरं काय काम त्याचं?"

दिवाळी तोंडावर, आणि ते कुलूप माळ्यावरून खाली उतरलं होतं. मी म्हटलं, "जानीबाई, मी उद्याच नवीन छोटं कुलूप आणतो. हे ठेवून दे."

"कशाला? चांगलं हाय की."

पाहुणे गेले तरी ते कुलूप दाराशेजारच्या खुंटीवरच. मी हळूच उचलून माळ्यावर ठेवलं. पुढच्या खेपेला गेलो तर परत खुंटीवर! परत वर ठेवलं. तिसऱ्यांदाही खुंटीवरच. जानीबाईला विचारायची हिंमत होईना, न जाणो ती सरळ सांगून टाकायची.

रॉनी म्हणाला, "हेमंत, कुलूप आहे ते, नाग नाही!"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं.

*

त्या वर्षी पाऊस उशिरा सुरू झाला, भातं उशिरा निघाली, त्यामुळे भट्ट्याही उशिरा सुरू होणार होत्या. दिवाळी झाली तरी ट्रक आला नव्हता. आज येईल, उद्या येईल. आणि नेमका त्याच वेळी आमचा शनिवार रिकामा. त्याच्या पुढचाही रिकामा. मुग्धा रोज फोटो टाकत होती. लोक बदाम देत होते, बुकिंग देत नव्हते.

"शनिवारी पाहुने हायत ना?" जानीबाईनं विचारलं.

"आहेत!" रॉनी बोलून गेला. खाली येताना मी त्याला धरलं. "कोण आहेत?"

"आणतो ना मी!"

शनिवारी रॉनीचा टेम्पो पाड्यावर आला. त्यातून उतरली त्याची मावशी, दोन मामेबहिणी आणि त्यांचे नवरे. सगळे भुईगावचे, सगळ्यांना पढवून आणलेलं: ओळख दाखवायची नाही, पाहुण्यासारखं बसायचं, चहा मागायचा. पैसे रीतसर देणार होते. मावशी रविवारी चर्चमध्ये मिसाला जायचा चांगला ड्रेस घालून आलेली. सुरुवातीला सगळं झकास चाललं. मावशी खाटेवर ताठ बसून "व्ह्यू छान आहे हां" म्हणाली.

मग जानीबाई समोर येऊन शेवग्याचा पाला निवडायला बसली. एकटीच. मावशीची चुळबुळ सुरू झाली. रॉनी डोळे वटारतोय, मावशी बघून न बघितल्यासारखं करतेय. शेवटी तिला राहवेना.

"दे गे इकडे, एकटी किती निवडशील?" आणि फतकल मारून बसली की खाली! मग एक बहीण चुलीपाशी गेली. दुसरीनं नवऱ्याला हंडा दिला आणि पाण्याला पिटाळलं. पंधरा मिनिटांत घराचं लग्नघर झालं.

जानीबाई उठून माझ्यापाशी आली. "हे पाहुने नाय."

"अगं, नाही कसे? पाहुणेच आहेत!"

"पाहुना भाजी निवडत नाय."

मी सावरायला गेलो. "तसं नाही, हल्ली लोकांना अनुभव हवा असतो, गावचं काम..."

जानीबाई खूप हसली. तोंडाला पदर लावून हसली. मग पदर काढला आणि हळूच विचारलं, "खरे पाहुने नाय का मिळत, दादा?"

मी पाल्याची एक काडी उचलली आणि मावशीशेजारी निवडायला बसलो. जेवण मात्र त्या दिवशी असं झालं की काही विचारू नका.

घरी येऊन मी हे सांगितलं तर माझ्या आईला हसून हसून ठसका लागला. आईचं या सगळ्या उद्योगाबद्दल एकच मत: "लोक पाहुणे कधी जातात याची वाट बघतात, आणि हा शहाणा गाडी करून आणतोय!" ती कधी मोहपाड्याला आली नव्हती. "मी कशाला येऊ? मला इथे डोंगर थोडा आहे का, भांड्यांचा?" पण 'पाहुना भाजी निवडत नाय' हे तिला इतकं आवडलं की शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालं. बावखळाचं तर तिनं त्याआधीच गावभर केलं होतं.

*

आणि आता शेवटचा.

आमच्या निर्मळला कार्तिकात जत्रा भरते. दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी. रस्त्यावर दुकानं, पाळणे, वाळवलेल्या केळ्यांच्या सुकेळीचे ढीग, आणि घरोघरी इतके नातेवाईक की चप्पल शोधायला अर्धा तास. अशा दिवशी घरातला कर्ता पुरुष कुठे असावा? घरात! पण आदल्या संध्याकाळी लखमाचा मुग्धाला फोन आला होता. म्हणाला, पलीकडच्या पाड्यावर ट्रक येऊन गेला, उद्या आमच्याकडे येईल. आणि रेंज गेली. मोहपाड्यावर रेंज येते ती फक्त वळणावरच्या आंब्याखाली.

सकाळी मी गाडीची किल्ली घेतली. वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, गावाची जत्रा, घरात वीस माणसं, आणि तुम्ही डोंगरात चाललात?"

"जाऊन येतो पटकन."

"जाऊन काय करणार? ट्रकसमोर आडवे पडणार?"

खरंच, काय करणार होतो, मला माहीत नव्हतं. थांब म्हणायला माझ्याकडे काय होतं? शनिवार रिकामा होता. रॉनीला घेतलं, मुग्धानं सुट्टी टाकली होती, तिला नालासोपाऱ्यात उचललं.

पाड्याच्या तोंडाशी मातीत ट्रकच्या चाकांचे रुंद ठसे होते. ताजे. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. त्याच्या पुढच्या घराचा ओटा झाडून लख्ख केलेला आणि दाराला काटक्या बांधलेल्या. आम्ही जवळजवळ पळतच जानीबाईच्या घराशी आलो.

दाराला ते कुलूप होतं. मुठीएवढं, जुनं.

शेजारी रावजीबाबा उन्हात बसले होते. पाड्यावरचं सर्वांत म्हातारं माणूस, ते भट्टीवर जात नाहीत. मी विचारलं, "बाबा, जानीबाई?"

"गेली."

"कधी?"

"सकाळीच गेली की. पोरांना घेऊन, बोचकं घेऊन. ट्रकात बसली आन् गेली."

मुग्धा ओटीवर बसली आणि रडायला लागली. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. "आपण मूर्ख आहोत, दादा. आपण तिला बारा महिने सांगितले होते." रॉनी पाठ करून उभा राहिला आणि खड्ड्यातल्या वालाकडे बघत बसला. वाल फुलावर आले होते. मला वाईट वाटलं म्हणणं कमी पडेल. मला लाज वाटली. सोमीच्या पाटीवर अर्धवट लिहिलेला पाढा तसाच ओटीवर होता, तो बघवेना.

आम्ही परत फिरलो. वळणावर आंब्याखाली आलो आणि माझा फोन वाजायला लागला. वैशालीचे मिस्ड कॉल एकामागून एक येऊन पडले. मी लावला.

"अहो कुठे आहात? किती फोन केले!" मागे पिपाण्यांचा आवाज. "लवकर घरी या. पाहुणे आलेत."

"वैशाली, आज मला कुठल्याही पाहुण्यांशी बोलायचं नाही."

"या तर खरं! तुमच्याकडचेच आहेत!" आणि फोन ठेवला.

गर्दीतून गाडी घरापर्यंत जाईना, म्हणून लांब लावून चालत आलो. ओटीवर आमच्या नातेवाइकांच्या घोळक्यात सोमी फुगा घेऊन उभी. तिचा धाकटा भाऊ पिपाणी फुंकतोय. लखमा माझ्या मेव्हण्याला कोंबड्याचा किस्सा सांगतोय. आणि जानीबाई नव्या लुगड्यात, आईशेजारी पाटावर, हातात चहाची बशी!

मुग्धानं जाऊन तिला मिठीच मारली. जानीबाई म्हणाली, "अगं चहा सांडल!"

"तू... तू ट्रकमध्ये बसलीस ना?"

"बसली की. ट्रकवाला म्हनला, चल. मी म्हटलं, आम्ही यंदा भट्टीवर नाय, दादा बारा महिने पाहुने आननार म्हनलाय, पन हायवेपरत सोड. सोडलान बिचाऱ्यानं. मग रिक्षा, मग बस. इथं येऊन विचारलं, डोंगरात तळं खनलं तो हेमंत कुठं रहातो? पोरानं घरापरत आनून सोडलं!"

घरातले सगळे हसले. रॉनी सगळ्यांत जोरात.

"पण अशी अचानक? कळवायचं तरी," मी म्हटलं.

"माझा आजा बैलगाडीनं यायचा या जत्रेला. मी कदी बघितली नाय. जत्रा असते तवा आम्ही भट्टीवर." तिनं चहा संपवला, बशी घेऊन उठली, "पानी कुठं?" म्हणत मागच्या दारी गेली. तिथे आमचं बावखळ काठोकाठ भरलेलं. तिनं काठावरूनच लखमाला हाक मारली, "अरे ये, बघ! असं असतंय ते!"

बशी धुऊन परत आली. आईच्या समोर वालपापडीचा ढीग होता, वीस माणसांच्या जेवणाचा. आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "राहा आता दोन-चार दिवस. पोरांना पाळण्यात बसव."

"नाय आजी, उद्या जातो. कोंबडी खुडूक बसलीय." मग ती माझ्याकडे वळली. "शनिवारी पाहुने हायत ना?"

मी मुग्धाकडे बघितलं. मुग्धानं फोनकडे बघितलं. रॉनीनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. सगळा ढीग वैशालीकडे सरकवला आणि पदराला हात पुसले.

"आहेत," ती म्हणाली. "मी येतेय. आणि सांगून ठेवते, भाजी निवडणार नाही!"